माणशी चार बॅटऱ्या

खर्र... खट्. आणि मागोमाग बारीक, घोगरं, "हूऽऽ."

कोरिनने हातातला कप तसाच धरून मान वळवली. घर गेला अर्धा तास चिडीचूप होतं. चार वर्षांची ओपल रडून रडून सोफ्यावरच झोपली होती, भांडी धुवायचं यंत्र थांबलं होतं, आणि बाहेर गोठलेल्या खाडीवरून वारासुद्धा येत नव्हता. आवाज ओट्यावरून आला होता, टोस्टरच्या शेजारून. तिथे ओपलचं कापडी घुबड आडवं पडलं होतं. त्याने डावा पंख अर्धा उचलला, डोळे मिचकावले आणि पुन्हा म्हटलं, "हूऽऽ."

सकाळी हेच घुबड मेलेलं होतं. शुक्रवारी पाळणाघरातून येताना ते गाडीत राहिलं, आणि रात्री मेरीलँडमध्ये या वर्षातली सगळ्यात कडक थंडी पडली. सकाळी आत आणलं तर पोटावरचं बटण कितीही दाबा, ढिम्म. ओपलने त्याला हलवलं, कानाशी धरलं आणि जे भोकाड पसरलं ते साडेबारा वाजेपर्यंत. "सेल संपले गं त्याचे, दुपारी नवे घालू," म्हणत कोरिनने त्याला ओट्यावर टाकलं होतं आणि विसरून गेली होती.

नवे सेल अजून कपाटातच होते. कुणी काही बदललं नव्हतं. घुबड नुसतं उबेत पडून राहिलं होतं.

कोरिनला हसू आलं. मग ते हसू ओठांवरच राहिलं, आणि तिने कप फार सावकाश खाली ठेवला, जणू तो खाली ठेवेपर्यंत पुढचा विचार येणार नव्हता.

ती लष्कराच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिच्या गटाचं काम एवढंच: सैनिकाच्या अंगावर जे जे विजेवर चालतं, रेडिओ, अंधारात दिसणारी दुर्बीण, वाट दाखवणारा छोटा पडदा, त्याला किती तासांना किती वीज पुरेल याचं गणित संगणकावर मांडायचं, आणि मग खऱ्या बॅटऱ्या तापवून, गारठवून ते गणित खरं ठरतं का बघायचं. रेडिओची बॅटरी म्हणजे तीन पौंडांची वीट. सैनिक तिला वीटच म्हणत. तीन दिवसांच्या मोहिमेला रेडिओ घेणाऱ्या प्रत्येक माणसाने अशा सात विटा पाठीवर न्यायच्या, असा कैक वर्षांचा शिरस्ता. सात का, ते कुणालाच सांगता येत नसे.

गेल्या वर्षी उत्तरेकडच्या तळांवरून वापरलेल्या बॅटऱ्यांची खोकी आली. ट्रकमधून, गोदामातून, पुन्हा ट्रकमधून, तीन आठवड्यांनी. कोरिनने आणि हाताखालच्या दोन पोरांनी एकेक वीट टेबलावर घेऊन मोजली. सरासरी सेहेचाळीस टक्के चार्ज शिल्लक. म्हणजे जवळजवळ अर्धी भरलेली बॅटरी लोक संपली म्हणून टाकून देत होते. तिने अहवालात लिहिलं: "सैनिक मोहिमेच्या काळजीपोटी बॅटरी पूर्ण न वापरताच बदलतात, ही सवय आहे, गरज नव्हे." थंडीची म्हणून वीस टक्के सूट धरली, पुरवठादाराच्या तक्त्याप्रमाणे, आणि गणित पुन्हा चालवलं. माणशी चार. नऊ पौंड ओझं कमी. ते वाक्य वरच्या लोकांना इतकं आवडलं की तिच्या साहेबांनी, हार्लन लिंडग्रेननी, ते सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं.

आता ती घुबडाकडे बघत होती. संपलं म्हणून टाकलेलं. उबेत आलं आणि उठून बसलं.

ती विटा मोजायची तेव्हा खोलीत स्वेटरसुद्धा लागत नसे.

*

ज्याच्या पाठीवर या चार विटा होत्या तो पहिला माणूस तिचाच नवरा असावा, यात कुणाचा दोष नव्हता. सार्जंट गॅरेटची बदली गेल्या शरदात अलास्काला झाली. कोरिनने नोकरी आणि ओपलचं पाळणाघर म्हणून उन्हाळ्यापर्यंत इथेच राहायचं ठरवलं. आणि हिवाळी सरावात नवी वाटणी तपासून बघायला जी पलटण निवडली गेली, ती गॅरेटची. त्याला त्याची भारी मजा वाटली होती.

"बायकोने पाठीवरचं ओझं उतरवलं असा पलटणीत मी एकटाच आहे," गुरुवारी फोनवर तो म्हणाला होता. "बाकीच्यांच्या बायका वाढवतात. पोरं तुला केक पाठवणार आहेत."

"पाठवा. चॉकलेटचा."

"पण हं, कोरी, विटा काखेत घेऊन झोपायचं आमचं सुटेल की नाही, ते तुझ्या संगणकाने सांगितलंय का? डेल्गाडो म्हणतो, त्याचं लग्न रेडिओच्या बॅटरीशीच लागलंय."

"तुम्ही सगळे वेडे आहात," ती म्हणाली होती. "काखेत काय ठेवता. पिशवीत ठेवा, नीट पॅक करून." आणि ओपल फोन ओढत होती म्हणून विषय तिथेच राहिला.

आता तिला तो विषय हातात धरता येईल इतका लख्ख दिसत होता. काखेत का ठेवतात, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. अकरा वर्षं संसार, सहा वर्षं हे काम, आणि नवऱ्याची ही गोष्ट तिने थट्टा म्हणूनच ऐकली होती. मीटरने सांगितलं असतं तर वहीत लिहून घेतली असती.

तरी एखाद्या गोष्टीचा नुसता धसका घेऊन धावत सुटायचं, हे तिच्या हाडात नव्हतं. आधी तपासायचं. तिने घुबडाच्या पाठीची झिप उघडली, दोन्ही सेल काढून खणातल्या मीटरवर धरले. चांगले होते, निम्म्याहून जास्त भरलेले. पुन्हा घातले, बटण चालू ठेवलं आणि घुबडाला मागच्या दाराबाहेर, लाकडी पायरीवर नेऊन बसवलं. मग काचेतून बघत उभी राहिली.

पहिली दहा मिनिटं ते व्यवस्थित हुंकारत होतं. पंख वर, पंख खाली. कोरिनला वाटलं, चालू दे रे बाबा. असाच चालू राहा. प्रयोग फसावा म्हणून तिने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. विसाव्या मिनिटाला पंख अर्ध्यावर अडकला. पंचविसाव्या मिनिटाला डोळे उघडे राहिले ते उघडेच.

"मॉमी, त्याला बाहेर का ठेवलंस?"

ओपल मागे उभी होती, गालावर सोफ्याच्या शिवणीची रेघ, एक मोजा पायात, एक कुठेतरी.

"बघतेय, त्याला थंडी किती वाजते ते."

"मग विचार ना त्याला."

कोरिनने दार उघडलं, घुबड आत आणून तिच्या हातात दिलं. ओपलने त्याला नाकाशी धरलं. "बर्फासारखं झालंय," ती म्हणाली, आणि आईकडे असं बघितलं की कोरिनने नजर वळवून फोन उचलला.

*

हार्लन नातीच्या बास्केटबॉलच्या सामन्याला गेले होते. मागे बुटांचा चरचराट आणि शिट्ट्या.

"सावकाश सांग. घुबड?"

तिने सावकाश सांगितलं. परत आलेल्या बॅटऱ्या आपण गरम झाल्यावर मोजल्या. तिकडे त्या मेलेल्याच होत्या. सेहेचाळीस टक्के आत होते, पण थंडीने अडकलेले, बाहेर काढता न येणारे. आपण त्याला सवय म्हटलं. आणि प्रयोगशाळेत गारठवायच्या खोलीत बॅटरी ठेवली की लगेच जोर लावून चालवतो, ती स्वतःच्याच कामाने गरम राहते. तिथे ती तासन्‌तास नुसती गारठत पडलेली असते.

हार्लननी शिट्ट्यांपासून लांब कोपरा गाठला.

"तापमान काय आहे तिथे?"

"उणे चाळीस." फॅरनहाइट की सेल्सिअस, हे त्यांनी विचारलं नाही. त्या एका ठिकाणी दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात, हे दोघांनाही माहीत होतं.

"किती निघतंय तुझं?"

"विटेमागे अठरा तास धरले होते. तिथे आठ मिळाले तर नशीब. चार विटा, बत्तीस तास. ते शुक्रवारी पहाटे पाचला निघाले, त्यांच्या वेळेने." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे आज दुपारी एकला संपतील. आपल्याकडचे पाच. आता पावणेदोन झालेत."

"गॅरेटची पलटण," हार्लन म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"कोरिन, ऐक. त्या पानावर माझी सही आहे. तू एकटी नाहीस यात. मी आत्ता वर फोन करतो, पण तुला माहितीये कसं असतं. सोमवारची सुट्टी जोडून आलीय. वाटणी बदलायची तर दुरुस्तीचा अर्ज, त्यावर मंडळाची बैठक, ती मंगळवारी..."

"मंगळवारी ते परत आलेले असतील," ती म्हणाली, आणि पुढचं अर्धं वाक्य, नाहीतर, तिने गिळलं.

"मी वर फोन करतो," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी म्हाताऱ्या माणसाचा झाला. "तू तळावर कर. कुणाच्या मार्फत वगैरे बघत बसू नकोस. सरळ कर."

*

तळावरच्या ड्यूटी टेबलावर सार्जंट पेटिट नावाचा माणूस होता. आवाज तरुण, वागणं अदबीचं, आणि तो काहीतरी खात असताना फोन वाजला असावा.

"मॅडम, आधी एक विचारतो. तुम्ही कुटुंब म्हणून बोलताय की प्रयोगशाळेतून?"

"दोन्ही."

"दोन्हीचा रकाना नाहीये हो माझ्याकडे. कुटुंब असाल तर कुटुंबांच्या मदत केंद्राचा नंबर देतो. प्रयोगशाळा असेल तर लेखी मागवायला सांगितलंय."

"सार्जंट, तुमचं नाव काय म्हणालात, पेटिट? पेटिट, त्या माणसांच्या बॅटऱ्या तीन तासांत संपणार आहेत. ते गणित मी केलंय आणि ते चुकलंय. हे कुठल्या रकान्यात घालता येईल तिथे घाला."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चमचा कुठेतरी ठेवला गेला. "सांगा, मॅडम. लिहून घेतो."

तिने तीन ओळी सांगितल्या. बॅटऱ्या कपड्यांच्या आत, अंगाला लागून ठेवा. मेलेली फेकू नका. ऊब द्या, ती पुन्हा उठेल. तळाशी बोलायच्या दोन हाकांच्या मधे रेडिओ बंद.

पेटिट लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, राग मानू नका, पण हे त्यांना माहितीये."

"काय माहितीये?"

"हेच. काखेत ठेवायची, झोपायच्या पिशवीत ठेवायची. नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात इथे. आता चालत असताना, ओढगाडी ओढत असताना किती विटा अंगात घालणार? दोन मावतात. म्हणून तर सात न्यायचो. मेली की टाक पिशवीत, लाव दुसरी. तिथे बसून कोण ऊब देतंय तिला." तो जरा घुटमळला. "सात कापून चार केल्या तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले, त्या लोकांनी काहीतरी नवीन शोधलं असेल. भारी काहीतरी. म्हणून कुणी बोललं नाही."

सहा वर्षांत तिने त्या तळावर एकदाही असा फोन केला नव्हता. मोजमापं मागवली होती, तक्ते मागवले होते, खोकी मागवली होती.

"निरोप पोचवाल ना?" तिने विचारलं.

"पोचवतो की. दर चार तासांनी त्यांची हाक येते. आठची आली, सगळं ठीक होतं. आता बाराला येईल, म्हणजे तुमचे चार. तेव्हा सांगतो." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "रेडिओवरूनच सांगणार ना, मॅडम. दुसरं काही नाही माझ्याकडे. वर ढग बसलेत, काल दुपारपासून काहीच उडालेलं नाही."

"मधे तुम्ही हाक नाही देऊ शकत?"

"देईन की. पण त्यांनी मधे बंद ठेवला असेल तर त्यांना ऐकू येणार नाही. आणि बंद ठेवायलाच तर तुम्ही सांगताय."

कोरिनने निरोपाच्या तीन ओळी त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतल्या.

*

चार वाजेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, आणि कोरिनने ते सगळं केलं. संगणक उघडून गणित पुन्हा चालवलं, या वेळी खरी थंडी घालून. एकतीस तास आले. घुबडाला पुन्हा पायरीवर नेऊन बसवलं, त्याची पंचवीस मिनिटं घालून काही निघतं का बघितलं. त्याला अर्थ नव्हता हे माहीत असूनही. हार्लनचा निरोप आला की वरचे साहेब स्कीइंगला गेलेत, फोन लागत नाही, प्रयत्न चालू आहे. ओपलला पॅनकेक हवे होते, तिने पॅनकेक केले. पहिला करपला. दुसऱ्यावर मेपलचा पाक जरा जास्तच पडला आणि ओपलने तो बोटाने चाटत विचारलं, "डॅडीला पण पॅनकेक मिळतात का तिथे?"

"परत आल्यावर मिळतात."

"गार झालेले?"

"नाही. गरम."

हे उत्तर तिला येत होतं म्हणून तिला किती बरं वाटलं.

पलटणीत अडतीस माणसं होती. त्यांतली तिला नावाने सहा-सात माहीत होती. डेल्गाडो, ज्याचं बॅटरीशी लग्न लागलं होतं. एक अगदी कोवळा पोरगा, ज्याला गॅरेट बूट नीट बांधायला शिकवत होता. वाट दाखवणारा पडदाही त्याच विटांवर चालायचा. तो विझला तर पांढऱ्यावर पांढरं, आणि कुठे आहोत हे सांगायला रेडिओ नाही. गॅरेटला होकायंत्र येतं, नकाशा येतो, ती स्वतःला सांगत होती. तो शिकारी बापाचा मुलगा आहे. पण गॅरेट हुशार आहे म्हणून त्याला कमी विटा द्याव्यात, असं तिने कुठल्या ओळीत लिहिलं होतं?

घड्याळाचा काटा चारवर आला आणि पुढे गेला.

चार वाजून दहा मिनिटं. फोन टेबलावर पालथा होता. तिने तो उलटा केला, पुन्हा पालथा केला.

चार वाजून बावीस मिनिटांनी तो वाजला.

"मॅडम, पेटिट." त्याच्या आवाजातली अदब तशीच होती, फक्त तिच्यामागे आता घाई होती. "बाराची हाक नाही आली. मी पाच-पाच मिनिटांनी देतोय, उत्तर नाही. एक हाक चुकली म्हणजे काही होत नाही, हे खरंच सांगतो तुम्हाला, दर सरावात एखादी चुकते. दोन चुकल्या की शोधायला माणसं काढायची असा नियम आहे. मी साहेबांना म्हटलं, दुसरीची वाट कशाला बघायची, यांचं असं असं म्हणणं आहे. ते म्हणाले, बर्फावरच्या गाड्या तयार ठेवा. पण तिथवर जायला सात तास, आणि ढग असे..."

"बंदही ठेवला असेल त्यांनी," कोरिन म्हणाली. "वाचवायला."

"असेल, मॅडम. तेच असेल."

"काखेत घेऊन बसले असतील. उठेल ती. वेळ लागतो तिला."

"हो, मॅडम. तसंच करत असतील." मग तो म्हणाला, "तुम्ही फोन जवळ ठेवा." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "केक मिळाला का तुम्हाला? पोरांनी पाठवलाय, गुरुवारी टाकला पोस्टात."

"अजून नाही."

"येईल," पेटिट म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसली, पाठ कपाटाला टेकून. उभं राहायला काही कारण उरलं नव्हतं. बाहेर उजेड निघून चालला होता. मागच्या पायरीवर घुबड बसवलं होतं तिथे आता बर्फात नुसता एक वाटोळा खळगा दिसत होता. अलास्कात आत्ता साडेबारा वाजले असतील, आणि तिथला जेमतेम दिवसही थोड्याच वेळात उतरणीला लागेल.

ओपल टेबलाखालून रांगत आली आणि आईच्या शेजारी तश्शीच पाठ टेकून बसली. तिचा स्वेटर पोटावर फुगलेला होता. गळ्यातून घुबडाचे दोन पिवळे डोळे बाहेर आले होते, उघडे, थिजलेले.

"हे काय केलंस?"

"पायरीवरून आणून आत घेतलंय त्याला," ओपल म्हणाली. "तू फोनवर सांगत होतीस ना. अंगाला लागून." तिने स्वेटरवरून दोन्ही हात घट्ट धरले. "फार गार लागतंय मॉमी, पण मी सोडणार नाही."

कोरिनने तिला जवळ ओढलं. मधे घुबडाचा कडक गोळा दोघींच्या बरगड्यांना टोचत होता. दोघी तशाच बसून राहिल्या. फोन मांडीवर होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग स्वेटरच्या आत काहीतरी हललं. खर्र. खट्. आवाज दबलेला, लोकरीतून आल्यासारखा, पण आला.

ओपलने श्वास रोखून खाली बघितलं, मग वर, आईच्या तोंडाकडे.

"उठलं," ती कुजबुजली. "मॉमी, त्याला एवढाच वेळ लागला. डॅडीला किती लागेल?"